अकीकाचे तीन धनी

ज्या मराठी घरात पंचायतनाची पूजा अद्याप चालते, त्या घरच्या देव्हाऱ्यात, कोणी त्याला त्या नावाने ओळखत नसले तरी, मोठ्या साक्षेपाने जुळविलेला पाषाणांचा एक संग्रह पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतो. विष्णूच्या ठिकाणी गंडकीचा शाळिग्राम, शिवाच्या ठिकाणी नर्मदेचा बाण, गणपतीच्या ठिकाणी शोण नदीतला तांबूस गोटा, सूर्याच्या ठिकाणी स्फटिक आणि देवीच्या ठिकाणी सुवर्णमुखीचा धातुमिश्रित खडा, अशी हिमालयाच्या उतारापासून दक्षिणेच्या नद्यांपर्यंतची भूमी त्या वितीएवढ्या ताम्हनात एकत्र येते. शाळिग्राम म्हणजे माकुळाच्या कुळातल्या, परंतु शंखधारी अशा एका लुप्त सागरी प्राण्याचा अश्मीभूत अवशेष होय, असे भूगर्भवेत्त्यांनी सांगितल्याने त्याच्या देवत्वाला बाध आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. परंतु या संग्रहाचा एक दंडक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खडा जसा नदीने दिला तसाच घ्यावयाचा. त्याला टाकी लावावयाची नाही. हजारो वर्षे प्रवाहात घोळवून नदीने त्याला जी गोलाई दिली, तीच त्याची झिलई.

म्हणजे संग्राहक आणि कारागीर हे दोन पुरुष आपल्याकडे आरंभापासूनच वेगळे राहिले: ज्याने दगड जवळ ठेवला त्याने तो कापला नाही, आणि ज्याने कापला त्याच्याजवळ तो राहिला नाही. दगड शोधणे, तो कापून घोटणे आणि मग स्वतःपाशीच ठेवणे या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने, पोटासाठी नव्हे तर निव्वळ हौसेखातर कराव्यात, ही कल्पना फार अलीकडची आहे. आणि तिचा इतिहास सांगू गेल्यास तो नर्मदेच्याच काठी, पण बाणांच्या घाटांपासून पुष्कळ खाली, भडोचच्या वरच्या अंगाला असलेल्या रतनपूरच्या अकीकखाणींपाशी सुरू करावा लागतो.

अकीक हा गारेचाच जातभाई. तांबडा, मधाळ, दुधी, करडा, पट्ट्यापट्ट्यांचा अशी त्याची नाना रूपे असली आणि जव्हेऱ्यांनी त्यांना निरनिराळी नावे दिली असली, तरी रसायनाच्या दृष्टीने तो सगळा सिलिका. त्याची जन्मकथा दख्खनच्या जन्मकथेत गुंतलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतला आज शिल्लक असलेला भागदेखील सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. तो रस थिजत असता त्यात जे वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्याने सिलिकेची पुटे चढविली. काळा कातळ कालांतराने झिजून मातीस मिळाला, परंतु त्याच्या पोटातला अकीक झिजला नाही. कारण मोहस नावाच्या जर्मन खनिजवेत्त्याने १८१२ मध्ये काठिण्याची जी दहा पायऱ्यांची प्रत लावून दिली, तीत हिरा दहावा, कुरुंद नववा आणि अकीक सातवा आहे, आणि साध्या सुरीच्या पात्याने त्यावर ओरखडादेखील उठत नाही. असे न झिजलेले गोटे प्राचीन प्रवाहांनी वाहून नेले आणि रतनपूरच्या टेकड्यांत वाळूगोट्यांच्या थरांखाली गाडून ठेवले. तेव्हा गुजराथची म्हणून जगभर मिरविलेली ही वस्तू मुळात दख्खनी कातळाच्या पोटची आहे, एवढे सांगून ठेवतो. हक्क सांगण्यासाठी नव्हे, ओळख पटावी म्हणून.

या गोट्यांवर माणसाचा हात पहिल्याने केव्हा पडला ते सांगता येत नसले, तरी त्याला सिद्धहस्तता केव्हा आली ते सांगता येते. सिंधमधील चान्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५–३६ मध्ये केलेल्या उत्खननात मणिकारांची कार्यशाळाच सापडली, पुढे शि. रं. राव यांनी लोथलला तशीच दुसरी उजेडात आणली. इराकमधील उर येथील राजथडग्यांत, म्हणजे इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या आगेमागे, सिंधू संस्कृतीतून गेलेले तांबडे अकीकमणी मिळाले आहेत. यांतले लांबट मणी पाहणाऱ्याला कोड्यात टाकतात. बोटभर, प्रसंगी त्याहूनही लांब अशा दगडाला दोन्ही टोकांकडून भोक पाडीत येऊन ते मध्ये अचूक मिळवावयाचे, आणि तेही लोखंड अवगत नसताना! मार्क केनॉयर आणि मासिमो विदाले यांनी या कामाला वापरलेल्या कठीण दगडी गिरमिटांचा अभ्यास करून त्या दगडाला मॅके यांच्या स्मरणार्थ ‘अर्नेस्टाइट’ असे नाव दिले, आणि प्रत्यक्ष भोक पाडून पाहिले तेव्हा गती भरली ताशी सुमारे अडीच मिलिमीटर. एका मण्यामागे कित्येक दिवस नुसते भोक पाडण्यात गेले असले पाहिजेत. गळ्यात मणी घालणाऱ्या त्या उरच्या कुलीन स्त्रीला याची वार्ता असण्याचा संभव नाही.

दख्खनचे नाव या व्यापारात उघडपणे येते ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात. तांबड्या समुद्रातील जलपर्यटनाचे जे ग्रीक टिपण ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्याचा अनामिक कर्ता सांगतो की भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून गोमेदवर्गीय पाषाण गाड्यांत भरून फार मोठ्या प्रमाणात भडोचला येतो. आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, आहे. या गाड्या घाटावरून कोणत्या वाटांनी उतरत असतील, जागोजाग त्यांना कोण अडवीत आणि कोण जकात घेत असेल, याचा विचार करताना मन हरखून जाते. एवढे मात्र खरे की त्या वैभवाची उष्टावळ आजही जमिनीत आहे. तेरच्या पांढरीवर पहिला वळवाचा पाऊस पडून गेला की माती धुपते आणि जुने मणी वर येतात. तेर येथीलच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू आयुष्यभर वेचून ठेवल्या आणि त्या संचयातून त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. हौशी दगडवेच्या म्हणून मराठी मुलखात कोणाला मान द्यावयाचा झाल्यास मी तो प्रथम या गृहस्थास देईन, मग भले त्यांनी वेचलेले दगड दोन हजार वर्षांपूर्वीच दुसऱ्या कोणी कापून ठेवलेले असोत.

रतनपूर हे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते मात्र खाणींसाठी नव्हे. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात, १७०६ च्या सुमारास, धनाजी जाधवांनी गुजराथवर चाल केली तेव्हा सफदरखान बाबी आणि नजरअली यांच्या बादशाही फौजेचा त्यांनी पुरा मोड केला तो याच ठिकाणी. आमच्या बखरकारी वृत्तीच्या इतिहासात लढाईचे नाव राहिले आणि टेकडीचे राहिले नाही, हे आमच्या स्वभावाला धरूनच आहे. टेकडीवर बाबा घोर या हबशी पीराची दर्गा आहे. सिद्दी लोक त्याला आपला मूळपुरुष मानतात आणि अकीकाच्या धंद्याचा आद्य प्रवर्तकही तोच असे सांगतात. पोर्तुगीज बार्बोझाने सोळाव्या शतकाच्या आरंभी जवळच्या लिमोदऱ्याच्या अकीकाचे वर्णन करून ठेवले आहे, त्यावरून धंद्याची जागा तेव्हाही हीच होती. खंबायत बंदर, जेथे हा माल जाई, त्याच्याशीही पुढे पेशवाईचा संबंध आला. तेथील नबाबाकडून चौथाई घेण्याचा पेशव्यांचा हक्क दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या वसईच्या तहनाम्यात इंग्रजांना लिहून दिला. चौथाई मोजणाऱ्या कारकुनांच्या दृष्टीस अकीकाच्या पेट्या पडल्या असतीलच. पण त्या हिशेबापलीकडे गेल्या नाहीत.

धंद्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारच्या गॅझेटियरकारांनी बारकाईने टिपून ठेवली. भिल्ल मजूर टेकडीत विहिरीसारखे अरुंद उभे भुयार खणीत आणि तळाशी आडव्या सुरुंगवाटा काढून गोटे वर पाठवीत. जमा झालेला माल लिमोदऱ्यास नेऊन हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शेतात पसरून ठेवीत आणि मधून मधून उलटीत, म्हणजे सर्व बाजूंनी ऊन लागे. मग वैशाखाच्या सुमारास तो मातीच्या मडक्यांत भरून, मडकी चरात मांडून, शेणीच्या विस्तवात रात्रभर भाजीत. या भाजण्यात खरी किमया होती. दगडात जे लोह जलयुक्त पिवळ्या रूपात असते, त्यातले पाणी उष्णतेने निघून गेले की ते तांबडे होते. म्हणून मक्याच्या रंगाचा गोटा गुलाबी छटा घेई, नारिंगी होता तो रक्तासारखा लाल होई, आणि ज्यात ढगाळ गढूळपणा होता त्यात पांढऱ्या-तांबड्या रेषा स्वच्छ वेगळ्या दिसू लागत. कुंभाराचे आवे आणि कोष्ट्यांची रंगाची भांडी पाहिलेल्या माणसाला या विस्तवाचे नवल वाटू नये, परंतु लोहाचे रसायन कोणत्याही पोथीत लिहिलेले नसताना ते हातांना ठाऊक होते, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तेथून माल खंबायतेस जाई. कारागीर जमिनीत तिरकी पुरलेली अणकुचीदार लोखंडी मेख घेऊन बसे. तिच्या टोकावर दगड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी मारी. घाव वरून बसावयाचा आणि ढलपी खालून, मेखेच्या बाजूने निघावयाची, असा हा उफराटा प्रकार. त्यानंतर कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून केलेल्या चाकावर घासणे, आणि हिरकणी बसविलेल्या गिरमिटाने, कामठ्याच्या दोरीवर, भोक पाडणे. शेवटचा संस्कार झिलईचा. बारीक मण्यांना एकेकटे घोटीत बसणे परवडत नसे, म्हणून ते एका जाड कातडी पिशवीत कुरुंदाच्या नि अकीकाच्या पुडीसह घालून, तोंड बांधून, दोन माणसे खोलीच्या दोन टोकांना बसत आणि ती पिशवी एकमेकांकडे सारखी लोळवीत राहत. पिशवी ओली ठेवावी लागे. हा खेळ दहा ते पंधरा दिवस चाले आणि मग पिशवी सोडली की आतून ओल्या डाळिंबाच्या दाण्यांसारखे मणी बाहेर पडत. या कातडी पिशवीची वाचकांनी आठवण ठेवावी, कारण ती पुढे दुसऱ्या खंडात पुन्हा भेटणार आहे.

माल अरबस्तानात, आफ्रिकेत, चीनपर्यंत जाई. अंगठीत अकीक वापरणे मुसलमान समाजात पुण्यप्रद मानले जाते, त्यामुळे मागणीला खंड नसे. परंतु या प्रत्येक हातबदलात किंमत वाढत जाई ती हाताची नव्हे, दगडाची. खणणाऱ्याला त्यातले सर्वांत कमी, आणि कापणाऱ्याला मजुरीखेरीज एक देणगी निराळी मिळे: छातीत साठत जाणारी गारेची धूळ. सिलिकोसिस या नावाचा जो असाध्य फुप्फुसरोग खंबायतच्या अकीकघाशांच्या वस्तीत आजही माणसे अकाली नेतो, तो या कोरड्या घासकामाचा परिणाम आहे. तळहातावरचा तुळतुळीत मणी पाहून आनंद होताना एवढे विसरू नये.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सुचते ती सांगून टाकतो. पैलू, पारख, कसोटी, झिलई, पाणी, घोटीव, कंगोरा, या सगळ्या शब्दांनी मराठी माणूस बुद्धीचे, स्वभावाचे, अक्षराचे आणि पद्याचे वर्णन करतो. म्हणजे जव्हेऱ्याच्या दुकानातली सगळी हत्यारे आपण उचलून आणली आणि वाङ्मयाच्या कामाला लावली. ज्यावर ती मुळात चालावयाची त्या पदार्थाला मात्र आपण शिवीचे स्थान दिले. मंदबुद्धीला दगड म्हणतो, निगरगट्टाला नर्मदेतला गोटा म्हणतो, आणि निरुपयोगी वस्तूंची यादी करावयाची झाल्यास धोंड्यांपासून आरंभ करतो.

युरोपात हाच धंदा जर्मनीतल्या नाहे नदीच्या खोऱ्यात, ईडार आणि ओबरश्टाइन या जोडगावांत वाढला. (साबरकाठ्यातील ईडरशी नामसाम्य आहे ते केवळ योगायोगाचे.) तेथल्या डोंगरांत अकीक निघे आणि ओढ्यांच्या पाण्यावर फिरणारी पुरुषभर उंचीची वालुकाश्माची चाके तो घाशीत. कारागीर त्या चाकापुढे एका लाकडी घडवंचीवर पोटावर पालथा पडून, पाय मागच्या आधाराला रेटून, सगळ्या देहाचा भार दगडावर देई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक खाणी आटत चालल्या तेव्हा कित्येक कुटुंबे ब्राझीलला गेली, आणि तेथे रिओ ग्रांदे दो सूल प्रांतात, आपल्या दख्खनसारख्याच लाव्हाच्या मुलखात, त्यांना अकीकाचे ढीगच्या ढीग आढळले. तो माल जहाजांतून ईडारला येऊ लागला. मधात किंवा साखरेच्या पाकात मुरवून नंतर गंधकाम्लात उकळून करड्या अकीकाचा काळा गोमेद करण्याची युक्तीही त्यांना साधली होती. लिमोदऱ्याचे मडके आणि ईडारची साखर, दोहोंचा हेतू एकच: निसर्गाने अर्धवट सोडलेला रंग पुरा करणे.

हौसेचा जन्म मात्र या दोन्ही ठिकाणी झाला नाही. तो अमेरिकेत झाला. त्यासाठी प्रथम घासण्याचे साधन स्वस्त व्हावे लागले. कुरुविंद या संस्कृत शब्दाचे भावंड असलेला दाक्षिणात्य ‘कुरुंदम्’ हा शब्द इंग्रजीत ‘कोरंडम’ होऊन बसला होताच. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन याला विजेच्या भट्टीत कार्बन आणि सिलिकॉन यांचा एक कमालीचा कठीण संयोग मिळाला, तेव्हा तो कार्बन आणि कुरुंद यांचा आहे अशा गैरसमजाने त्याने त्याचे नाव ‘कार्बोरंडम’ ठेवले. समजूत चुकीची होती, पदार्थ अस्सल होता. खाणीतला कुरुंद न मिळवता कोणाही गृहस्थाला चार पैशांत ही भुकटी मिळू लागली. त्यात विजेची लहान मोटार आली, फिरायला स्वतःची गाडी आली, आणि १९३० नंतरच्या मंदीत सक्तीची सवडही आली. ओरेगॉन, आयडाहो अशा पश्चिमेकडच्या संस्थानांत, जिथे मैलोन्‌मैल जमीन सरकारी आणि उजाड, लोक रविवारी अकीक वेचायला निघू लागले. स्वतःला ते ‘रॉकहाउंड’ म्हणवीत, म्हणजे दगडाचा माग काढणारे शिकारी कुत्रे. थट्टा त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली.

ओरेगॉनमधील अकीकप्रेमींची मंडळी १९३३ मध्ये स्थापन झाली. १९४७ मध्ये अशा मंडळांचा देशव्यापी संघ बनला आणि ‘लॅपिडरी जर्नल’ हे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. दगडी लाकडावर तर इतकी झुंबड पडू लागली की १९६२ मध्ये कायदा करून हौशी माणसाला दिवसाला पंचवीस पौंड नि एक तुकडा, आणि वर्षाकाठी अडीचशे पौंड, अशी हद्द घालून द्यावी लागली. ओरेगॉनने १९६५ मध्ये ‘थंडरएग’ नावाच्या, बाहेरून बटाट्यासारख्या आणि आतून अकीकाने भरलेल्या गोट्याला संस्थानाचा मानाचा पाषाण ठरविले. घराच्या तळघरात किंवा मोटारीच्या पडवीत हिरकणीच्या धारेची करवत, पाण्याच्या धारेखाली फिरणारे घासचाक, आणि एका कोपऱ्यात रात्रंदिवस गोल गोल फिरणारे एक रबरी पिंप. त्या पिंपात दगड, पाणी आणि कार्बोरंडम घालून झाकण लावावयाचे, दर आठवड्यास आधीपेक्षा बारीक भुकटी बदलावयाची, आणि महिन्याभराने उघडावयाचे. खंबायतेच्या खोलीत दोन माणसांमध्ये लोळणारी कातडी पिशवी ती हीच. मजुरांच्या जागी मोटार आली एवढाच फेर. शेजाऱ्यांना त्या पिंपाच्या घरघरीचा त्रास होई, असे म्हणावयास प्रमाणाची जरुरी नाही.

खणणारा, कापणारा आणि बाळगणारा असे अकीकाचे तीन धनी, जे चार हजार वर्षे एकमेकांचे तोंडही पाहत नव्हते, ते या हौशी माणसात प्रथम एक झाले. त्याचे कसब खंबायतेच्या कारागिराच्या पासंगास पुरणार नाही हे कबूल. परंतु दगड कोणत्या ओढ्यात मिळाला, त्या दिवशी ऊन कसे होते, कापताना रेषा कुठे वळली, हे सगळे एकट्याला माहीत असण्याचे सुख त्या कारागिराच्या वाट्याला कधी आले नव्हते. आणि हौशी माणूस ओल्या चाकावर घासतो, त्याची छाती शाबूत राहते; हा फरक सर्वांत मोठा.

या हौशी शोधकांच्या ओरेगॉनमध्येच १९६७ साली एक गर्द निळे, तोवर अज्ञात खनिज सापडले. त्यातल्या कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘कॅव्हॅन्साइट’. तेथे ते अगदी तुरळक मिळाले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते विपुल आणि जगात सर्वोत्तम असे निघाले ते पुण्याजवळ, वाघोलीच्या खाणींत, जिथे सुरुंग उडतो तो केवळ पुण्याच्या इमारतींना खडी हवी म्हणून. बोरघाटातून १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग काढताना अशाच पोकळ्यांतून निघालेले झिओलाइटचे स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले होते. वाघोलीचे निळे झुबके, नाशिक-जळगावकडचे हिरवे-पांढरे स्फटिक आता ॲरिझोनातल्या टूसॉन येथील वार्षिक प्रदर्शनात मांडले जातात. आपल्याकडे त्यांच्यासाठी सिन्नरला एक खाजगी संग्रहालय आहे, आणि त्याचे नाव मोठे समर्पक आहे: गारगोटी.

तेव्हा विहीर खणताना, रस्त्याच्या खडीत किंवा ओढ्याच्या पात्रात एखादा जड, ओबडधोबड गोटा हाती लागला, तर तो भिरकावून देण्यापूर्वी वाचकांनी एकदा पाण्यात बुडवून उन्हात धरून पाहावा. झिलई केल्यावर दगड जसा दिसणार असतो, तसाच तो ओला असताना दिसतो. अकीक वेचणारे जगात सर्वत्र तेवढीच एक परीक्षा करतात.